झाडं काय किराया देऊन राहिले का?

पत्र थोडक्यात: दक्षिण नागपुरातल्या एका ले-आऊटमधून ५६ वर्षांच्या ताईंनी लिहिलं आहे. १५० प्लॉटांचा ले-आऊट, पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी पडलेला. मधोमध सुमारे २०,००० चौरस फुटांचं ग्राउंड. त्यात अकरा जुने कडुनिंब, एक मोह, बाकी गवत, पाचोळा आणि कोपऱ्यात कोणीतरी आणून टाकलेला मलबा. एका ठेकेदाराने गृहनिर्माण संस्थेपुढे प्रस्ताव ठेवला आहे: स्वखर्चाने मंगल कार्यालय बांधतो, १५ वर्षं चालवतो, संस्थेला वर्षाला दीड लाख देतो आणि उरलेल्या जागेत गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक) लावून पार्किंग करून देतो. ताई संस्थेच्या कोषाध्यक्ष आहेत. त्यांच्या यजमानांसकट बहुतेक सभासद प्रस्तावाच्या बाजूने आहेत. ताईंचं मन धजत नाही, पण कारण विचारलं की 'झाडं आहेत, बरं वाटतं' यापुढे त्यांना काही सुचत नाही. मागच्या बैठकीत शेजारचे भाऊ म्हणाले, "ताई, हे झाडं काय किराया देऊन राहिले का?" सगळे हसले, त्याही हसल्या. त्या विचारतात: व्यवहारापुढे भावना बाजूला ठेवून सही करून टाकावी का? आणि नाही केली, तर घरात आणि गल्लीत वाईटपणा किती घ्यायचा?

नमस्कार ताई,

शेजारच्या भाऊंचा प्रश्न तुम्हाला लागला असेल, पण तो चांगला प्रश्न आहे. त्याला उत्तर द्यायलाच हवं. अडचण एवढीच की तुम्ही त्याचं उत्तर 'नाही' असं आधीच गृहीत धरलंत आणि मग 'बरं वाटतं' एवढीच एक बाजू तुमच्याकडे उरली. तिकडे व्यवहार आणि इकडे भावना, ही वाटणी तुम्ही केलेली नाही. ती बैठकीत कोणीतरी केली आणि तुम्ही मान्य केली. मला ती मान्य नाही.

तुम्ही कोषाध्यक्ष आहात, तर हिशोबानेच जाऊ. आधी त्यांचा हिशोब. दीड लाख भागिले १५० प्लॉट म्हणजे प्लॉटमागे वर्षाला १,००० रुपये, महिन्याला ८३. हा आकडा बैठकीत कोणी मांडला का? 'दीड लाख' ऐकायला भरघोस वाटतं. '८३ रुपये' म्हटलं की माणसं जरा शांतपणे विचार करतात. शिवाय हे दीड लाख १५ वर्षं तेवढेच राहणार की वाढणार, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा प्रस्तावातही नसेल. पंधरा वर्षांनी दीड लाखाची किंमत काय उरेल, ते तुम्ही बँकेतल्या ठेवीवरून जाणताच. मालमत्ता कर कोण भरणार, उष्टं-खरकटं कोण उचलणार, तुळशीच्या लग्नापासून जूनपर्यंत रात्री दहानंतर डीजे बंद करायला कोण जाणार? या प्रश्नांची उत्तरं लेखी मागा. ठेकेदार चांगला असेल तर देईल.

आता झाडांचा किराया. ती देतात, ताई. पण चेक एका ठिकाणी येत नाही, १५० घरांत चिल्लर होऊन जातो आणि बऱ्याचदा 'न झालेला खर्च' या रूपात जातो. न झालेल्या खर्चाची पावती कोणी फाडत नाही. म्हणून तो ताळेबंदात दिसत नाही आणि 'पडीक जागा' असा शिक्का बसतो.

सगळ्यात सोपा हिशोब पाण्याचा आहे, त्यापासून सुरुवात करा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमचं ग्राउंड साधारण १,८५० चौरस मीटरचं. म्हणजे १०० मिलिमीटर पावसात तिथे १ लाख ८५ हजार लिटर पाणी पडतं, दहा हजार लिटरचे अठरा टँकर. आणि १०० मिलिमीटर हा काही पुस्तकातला आकडा नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत त्याहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने काठ सोडले आणि अंबाझरी ले-आऊटपासून सीताबर्डीपर्यंत लोक गाद्या, फ्रिज आणि गाड्या पाण्यात बघत उभे होते. माणसंही दगावली. तुमचा भाग त्या बाजूला नाही, हे खरं. पण पाण्याचं गणित सगळीकडे एकच असतं. ते अठरा टँकर आज ग्राउंडवर थांबतात. उद्या वर स्लॅब आणि खाली गट्टू आले की ते गेटबाहेर येतील. आणि आपल्या शहरात सिमेंट रस्ते झाल्यापासून किती घरांची जोती रस्त्याच्या खाली गेली आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या गल्लीतही पहिल्या मोठ्या पावसात कोणाच्या तरी पोर्चमध्ये पाणी शिरतच असेल. त्या घरचे सभासद बैठकीत कोणत्या बाजूला होते, ते आठवून बघा.

कोणी म्हणेल, गट्टूंच्या फटीतून पाणी मुरतं. वाळूवर बसवले तर थोडं मुरतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खाली आधी पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, ओततात, मग फटी नुसत्या दिसायला. दुसरं कोणी म्हणेल, आपली काळी माती पाणी घेतच नाही, नुसता चिखल करते. त्यात अर्धं तथ्य आहे. मे महिन्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिले दोन-तीन पाऊस त्या गटागटा पितात. नंतर माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी साचायला लागतं. पण साचलेलं पाणी ग्राउंडवर आहे, कोणाच्या बैठकीच्या खोलीत नाही, हाही फायदाच आहे. उताराच्या बाजूला मुरूम लागेपर्यंत एक लांबट चर खणून त्यात गिट्टी भरली तर तेही पाणी खाली उतरतं आणि डासांची तक्रारही मिटते. ले-आऊटमध्ये जुन्या विहिरी असतील तर एक काम करा. ग्राउंडला लागून असलेली एक विहीर आणि मागच्या गल्लीतली एक, दोन्हींत दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा आणि वहीत लिहा. महिन्यातून एकदा, एवढंच. विहिरींची खोली आणि उपसा सारखा नसेल तर तुलना कच्ची राहील, तेही लिहा. काय निघेल ते मी आधीच सांगत नाही, पण सभेत बोलायला तुमच्या घरचा आकडा असेल.

दुसरा किराया उन्हाचा. २०१३ च्या मे महिन्यात आपल्या शहरात पारा ४७.९ ला टेकला होता. नवतपा लागला की दुपारी एक ते पाच नागपूर घरात कोंडलेलं असतं, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. कडुनिंबाखाली तेव्हाही माणूस बसू शकतो. ते फक्त सावलीमुळे नाही. झाड मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून हवेत सोडतं आणि त्या पाण्याची वाफ होताना भोवतालची उष्णता खर्ची पडते. तुमच्या खिडकीतला कूलर ताट्या ओल्या ठेवून करतो तेच काम, फक्त वीजबिलाशिवाय. सिमेंट आणि गट्टू याच्या नेमकं उलट वागतात. दिवसभर ऊन पोटात घेतात आणि रात्री परत देतात. रात्री अकराला गच्चीवर पाय ठेवला तरी चटका बसतो, तो याचमुळे. तब्येतीला खरा धोका या रात्रींचा आहे. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री निवायला वेळ मिळाला नाही की म्हातारी माणसं, तान्ही मुलं, बीपी आणि हृदयाचे पेशंट आधी आजारी पडतात.

हेही मोजता येतं. एकच साधा भिंतीवरचा थर्मामीटर घ्या. दुपारी तीनला कडुनिंबाच्या सावलीत दहा मिनिटं टांगा. मग सिमेंट रस्त्याकडेच्या एखाद्या भिंतीच्या सावलीत, तेवढ्याच उंचीवर, दहा मिनिटं. दोन्हीकडे सावलीच हवी, नाहीतर उन्हाने काच तापून आकडा खोटा येतो आणि शेजारचे भाऊ ते लगेच पकडतील. रात्री नऊला पुन्हा एकदा. आठवडाभर मुलांकडून करून घ्या, त्यांना मजा येते. मग ग्राउंडला लागून असलेल्या घरांत एसी रोज एक तास कमी चालला असं धरा. दीड टनी एसी तासाला साधारण दीड युनिट खातो, तीन महिन्यांचे १३५ युनिट झाले. त्याला तुमच्या बिलावरचा दर लावा आणि वर्षाच्या १,००० रुपयांशेजारी लिहा.

तिसरा किराया तुमच्या यजमानांना मिळू शकतो, पण ते तो घेत नाहीत. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की त्यांना शुगर आहे, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय आणि म्हणून ते रोज सकाळी स्कूटर काढून रेशीमबाग मैदानावर जातात. ताई, हे वाक्य मी दोनदा वाचलं. घरासमोर २०,००० चौरस फूट ग्राउंड असलेला माणूस चालण्यासाठी गाडी काढून दुसऱ्या मैदानावर जातो आणि घरासमोरच्या ग्राउंडवर कार्यालय व्हावं म्हणून मत देतो! त्यांना टोमणा मारायला हे वापरू नका. ते तिकडे का जातात, तेवढं विचारा. बहुधा उत्तर येईल की इथे वाट नाही, दगड-काचा आहेत, कुत्री आहेत, बोलायला कोणी नाही. ही चारही कारणं हजार-दोन हजारांत आणि महिनाभरात दूर होण्यासारखी आहेत.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं बऱ्यापैकी दमवणारी हालचाल सांगते. दिवसाला बावीस मिनिटं पडतात. हे घराजवळ जमतं तेव्हाच वर्षानुवर्षं टिकतं. गाडी काढायची म्हटली की पहिल्या पावसात खंड पडतो. इंग्लंडमध्ये सुमारे २०,००० लोकांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यात एकूण दोन तास किंवा जास्त वेळ झाडा-गवतात घालवणाऱ्या लोकांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. यावर शंका घ्यायला जागा आहे: जे धडधाकट आहेत तेच बागेत जास्त जात असतील. पण त्याआधीचा, १९८४ चा एक अभ्यास या शंकेतून बराच सुटतो. रॉजर उलरिच या संशोधकाने अमेरिकेतल्या एका रुग्णालयात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटांच्या २३ जोड्या तपासल्या. वय वगैरे सारखं, फरक एवढाच की एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती आणि दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. नुसती खिडकीतून दिसणारी झाडं, त्यांच्याखाली कोणी चालायलाही गेलं नव्हतं. खासगी दवाखान्यात पाऊण दिवसाचं बिल किती होतं, ते धंतोली-रामदासपेठेत कोणालाही विचारा.

घरांच्या किमतीचं फार लांबवत नाही. प्लॉट विकणारे दलाल जाहिरातीत 'गार्डन फेसिंग' लिहितात. 'मंगल कार्यालय फेसिंग' असं लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा करणाऱ्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी १८५६ ते १८७३ पर्यंत आजूबाजूच्या मिळकतींच्या किमतींची नोंद ठेवून दाखवून दिलं होतं की, वाढलेल्या किमतींवरचा कर पार्कसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजापेक्षा जास्त येतो. म्हणजे हा युक्तिवाद दीडशे वर्षांचा आहे आणि तो कोणा निसर्गप्रेमी मंडळाने नाही, पैशाचा हिशोब देणाऱ्याने मांडलेला आहे. एक गोष्ट मात्र नजरेआड करू नका: या वाढीचा फायदा ग्राउंडसमोरच्या तीसेक घरांना जास्त आणि मागच्या गल्लीतल्यांना कमी मिळतो. ८३ रुपये मात्र सगळ्यांना सारखे. मागच्या गल्लीतले लोक कार्यालयाच्या बाजूने का असतील, याचं एक कारण इथेच सापडेल.

मोठ्या जमिनीचं गणितही असंच चालतं. गोरेवाड्याचं जंगल आज आपण बिबट आणि सफारीसाठी ओळखतो, पण मुळात ते शहराच्या पाण्यासाठी बांधलेल्या तलावाभोवतीचं रान म्हणून टिकलं. आज आपल्या नळाला येणारं बरंचसं पाणी पेंचचं. पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाभोवती जंगल आहे, १९९९ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. वाघ बघायला जगभरातून लोक येतात, विमानतळापासून जंगलाच्या सिल्लारी गेटपर्यंत टॅक्सीवाल्यांची, ढाबेवाल्यांची आणि गावातल्या गाईड पोरांची चूल पेटते, हे वर्तमानपत्रात येतं. त्याच जंगलामुळे धरणात गाळ कमी उतरतो आणि पाणी कमी खर्चात शुद्ध होतं, हे मात्र कोणी छापत नाही. न्यूयॉर्क शहराने हे उघड हिशोबाने केलं. पाणी गाळण्याचा नवा प्रकल्प बांधायला सहा ते आठ अब्ज डॉलर लागणार होते. त्याऐवजी १९९७ मध्ये करार करून त्यांनी कॅट्सकिल डोंगरातलं पाणलोट क्षेत्र राखायला जवळपास दीड अब्ज डॉलर खर्चायचं ठरवलं. तुमच्या अकरा कडुनिंबांना वाघ येणार नाही. धनेश मात्र येत असतील, निंबोळ्या पिकल्या की सकाळी बघा.

इथवर मी तुमची बाजू भक्कम केली. आता तुमच्याच एका गृहीतकाला हात घालते. तुम्ही लिहिता, 'ग्राउंड आहे तसं राहू द्यावं.' का बरं? आहे तसं म्हणजे मलबा, अंधार आणि संध्याकाळनंतर बाटल्या घेऊन बसणारी टोळकी. गल्लीतल्या मुलींना सातनंतर तिथून जाताना बाजू बदलावी लागत असेल, तर त्यांच्या आईला कार्यालयाचे लाइट बरेच वाटणार. जागा राखणं म्हणजे तिला वाऱ्यावर सोडणं नव्हे. ज्या जागेला कोणी वापरत नाही ती आज ना उद्या कोणीतरी 'वापरात आणतो'. तुमच्या ठेकेदाराला तुमचं ग्राउंड दिसलं, ते कोपऱ्यातल्या मलब्यामुळेच दिसलं असावं.

आणि कार्यालय मागणारे लोकही चुकीचे नाहीत. साक्षगंध, बारसं, तेरवी, या गोष्टी आता कुठल्याही हॉलमध्ये करायच्या तर खिसा रिकामा होतो. ही गरज खरी आहे आणि तुम्ही बैठकीत तिच्याबद्दल एक शब्द बोलला नसाल तर तुमचं कोणी का ऐकावं? पण या गरजेला पक्की इमारत लागत नाही. संस्थेने स्वतःची बिछायत घ्यावी: पाईपचा मांडव, ताडपत्री, शंभर खुर्च्या, सतरंज्या, मोठी पातेली आणि गंज. ठेवायला एक छोटी खोली. सभासदांना नाममात्र भाड्याने द्यायची, बाहेरच्यांना नाही. पहिल्या वर्षी वर्गणी काढावी लागेल. पुढे तिचा दुरुस्ती-खर्च तीच काढते. आणि ताई, रोडग्यांचा (गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा) कार्यक्रम एसी हॉलमध्ये कसा करणार ते एकदा त्या ठेकेदाराला विचारा. गोवऱ्यांचा धूर, वांग्याच्या भाजीचा गंज, उकडत्या वरणाची पळी, पंगत मोहाखाली. ज्यांनी तुमच्या ग्राउंडवर असे रोडगे खाल्ले असतील, ते सभेत तुमच्या बाजूला येतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तुमच्या सारख्याच पेचात असलेल्या इतर वाचकांनीही नीट वाचावं. ग्राउंड देऊ की नको, हा प्रश्न विचारण्याआधी ते देण्याचा अधिकार संस्थेला आहे का, हा प्रश्न येतो. कोणत्याही मंजूर ले-आऊटमध्ये काही जागा मोकळी सोडावीच लागते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या जमिनीसाठी हे प्रमाण १० टक्के आहे. तुमचा ले-आऊट त्याआधीचा, त्यामुळे तुम्हाला तेव्हाची मंजुरी बघावी लागेल. ही जागा सगळ्या प्लॉटधारकांनी प्लॉटच्या किमतीतूनच विकत घेतलेली असते. तिच्यावर खेळ-करमणुकीला पूरक छोटं बांधकाम मर्यादेत चालू शकतं, पण बाहेरच्या लग्नांना भाड्याने देण्याचं व्यावसायिक कार्यालय ही वेगळीच गोष्ट आहे.

म्हणून आधी मंजूर नकाशाची प्रत मिळवा. तुमचा ले-आऊट नागपूर सुधार प्रन्यासने मंजूर केला, महापालिकेने केला, की गुंठेवारीत नियमित झाला, त्यावर कुठे जायचं ते ठरेल. नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका, नसेल तर तलाठ्याकडून सातबारा काढा आणि नाव कोणाचं आहे ते बघा. कोणी दाद दिली नाही तर जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. नकाशात त्या जागेवर काय शब्द लिहिलाय ते वाचा: खुली जागा, उद्यान, क्रीडांगण की सार्वजनिक उपयोग. पुढचं सगळं त्या शब्दावर फिरतं.

बंगळुरूमध्ये एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी ट्रस्टला रुग्णालय बांधायला दिली गेली होती. रहिवासी कोर्टात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: उद्यानाची जागा अशी देता येणार नाही आणि तिथल्या रहिवाशांना त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क आहे. आणि तिथे तर रुग्णालय होतं, ताई. मंगल कार्यालय नव्हतं.

झाडांचं वेगळं. शहरी भागात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते, झाड संस्थेच्या जागेत असलं तरीही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जादा संरक्षण आहे. ले-आऊट पडण्याआधी ते शेत असणार. तुमचा मोह आणि एखाद-दोन कडुनिंब तेव्हाचे असतील तर ते या वयात बसतात. ज्यांनी पहिले प्लॉट घेतले त्या काकांना विचारा.

ज्या वाचकांच्या भागात विकास आराखड्यातलं उद्यानाचं आरक्षण आहे, त्यांच्यासाठी एक इशारा: आरक्षण अमरपट्टा घेऊन येत नाही. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली गेली नाही तर मालक १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण उठतं. तेव्हा फलक बघून निश्चिंत बसू नका, तारीख बघा. आणि शहराबाहेर नवा प्लॉट घेणाऱ्यांनी दलालाने दाखवलेल्या रंगीत कागदावरचं हिरवी चौकट बघून इसार देऊ नये. मंजूर नकाशात ते हिरवं आहे का ते आधी तपासावं.

हे कागद हातात येईपर्यंत कोणत्याही करारावर किंवा ठरावावर सही करू नका. यात भावनेचा काही संबंध नाही. जी जागा संस्थेला देता येत नाही ती दिली आणि उद्या कोणी तक्रार केली, तर नोटिशीत शेजारच्या भाऊंचं नाव नसेल, अध्यक्ष-सचिव-कोषाध्यक्षांचं असेल. हे वाक्य बैठकीत शांतपणे म्हणा. बघा, किती जण हसतात.

ग्राउंडचं पुढे काय करायचं, तर फार थोडं. मलबा उचला. कडेने मुरूम दाबून चालायची वाट करा, गट्टूंची नको. चार दिवे, दोन बाक, एक नळ. लॉन लावू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात लॉन म्हणजे पाण्याची उधळपट्टी, आणि पाणीकपातीत पहिल्यांदा वाळतं तेच. कारंजं तर नकोच, दोन वर्षांत बंद पडून त्यात रॅपर तरंगतात. नवी झाडं लावायचीच तर कडुनिंब, करंज, जांभूळ, बहावा. कोनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका. गुजरातने २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली आहे. झाडांभोवती सिमेंटचे ओटे बांधायची आपल्याकडे फार हौस. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, कारण मुळांना हवा-पाणी लागतं. बसायला ओटा हवा असेल तर बुंध्यापासून लांब करा. पाचोळा जाळू नका, एका कोपऱ्यात साठवून खत करा. सापांची भीती कोणी काढेल. मलबा गेला की उंदीर जातात आणि उंदरांमागे येणारे सापही.

राहिला वाईटपणाचा प्रश्न. तो तुम्ही एकटीने घ्यायचं काही कारण नाही, कारण हा ठराव तुम्ही मांडायचाच नाही. तुम्ही फक्त हिशोब ठेवा, तो तुमचा अधिकारच आहे: एका कागदावर ८३ रुपये आणि ठेकेदाराकडून हवी असलेली लेखी उत्तरं, त्याच्या शेजारी अठरा टँकर, थर्मामीटरचे आकडे आणि मंजूर नकाशाची झेरॉक्स. बिछायतीची सूचना मागच्या गल्लीतल्या कोणाकडून येऊ द्या, ज्याच्या घरी येत्या वर्षात लग्न आहे अशा माणसाकडून. आणि चालायच्या वाटेचं काम यजमानांकडे सोपवा. सभेच्या आधीच, हजार-दोन हजार खर्चून, पन्नास पावलांची का होईना, करून घ्या. रेशीमबागेतले त्यांचे दोन मित्र एखाद्या रविवारी इकडे चालायला आणि नंतर तुमच्याकडे पोहे खायला बोलवा. त्यांनी वाट आखताना कडुनिंबाच्या कोणत्या बाजूने वळवायची यावर तुमच्याशी वाद घातला, तर घालू द्या.